सेमिनरीत कोणास पाठवावे?

दहावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या शाळेच्या ओट्यावर पालकमंडळींची दाटी होते. ज्यांच्या मुलांस नव्वदांवर गुण पडलेले असतात ते लातूरच्या कॉलेजांची चौकशी करितात. ज्यांच्या मुलांस बेताचे गुण पडलेले असतात ते आय. टी. आय.च्या अर्जाची मुदत विचारितात. आणि ज्यांच्या मुलांच्या गुणपत्रिकेविषयी न बोललेलेच बरे, ते गर्दी ओसरेपर्यंत निंबाच्या झाडाखाली उभे राहतात. काही वर्षांमागे अशाच एका दिवशी एका ख्रिस्ती गृहस्थांनी मला बाजूस घेतले व म्हटले, “गुरुजी, थोरला हुशार आहे, त्याला डॉक्टर करायचं ठरलंय. धाकट्याचं डोकं काही चालत नाही. दोनदा गणितात गेला. त्याला आपला देवाच्या कामाला द्यावा म्हणतो. तुमच्या माहितीतली एखादी सेमिनरी असली तर सांगा.”

ह्या गृहस्थांच्या बोलण्यात कपट नव्हते. ते भाविक आहेत. उपासनेस चुकत नाहीत. तरी त्यांचे ते शब्द माझ्या मनास फार लागले, कारण तसे म्हणणारे ते पहिले नव्हते आणि शेवटचेही नव्हते. त्या दिवशी मला नीट उत्तर सुचले नाही. ते उत्तर आज ह्या अंकाच्या निमित्ताने देण्याचे योजिले आहे. आमच्या शाळेत सर्व धर्मांची मुले शिकतात, हे ध्यानात ठेवूनच मी लिहीत आहे. कारण धर्म शिकविणारा माणूस कसा तयार व्हावा, हा प्रश्न एका समाजापुरता नाही.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ सांगितला पाहिजे. ख्रिस्ती लोकांच्या गावोगावच्या समुदायास ‘मंडळी’ म्हणतात, व त्या मंडळीची आध्यात्मिक काळजी वाहणाऱ्यास ‘पाळक’ म्हणतात. बाप्तिस्मा, विवाह, प्रेतक्रिया, रविवारची उपासना ही त्याची उघड दिसणारी कामे. न दिसणारी कामे ह्याहून पुष्कळ: आजाऱ्याच्या उशाशी बसणे, भांडलेल्या भावांस एका ताटावर आणणे, दारूच्या पायी बुडणारे घर सावरणे. ह्या कामाचे शिक्षण जेथे मिळते ती ‘सेमिनरी’. हा शब्द मूळचा लॅटिन असून त्याचा अर्थ आपल्या शेतकरी वाचकांस चांगला उमजेल, कारण तो अर्थ आहे रोपवाटिका. इ. स. १५६३ मध्ये रोमन कॅथलिक पंथाच्या ट्रेंट येथील परिषदेने ठराव केला की, धर्मगुरू होणाऱ्या मुलांसाठी ठिकठिकाणी अशा रोपवाटिका असाव्यात. पुढे प्रॉटेस्टंट पंथांनीही तेच नाव उचलिले.

आता मी वडील मंडळींस एवढेच विचारितो: आपण रोपवाटिकेत कोणते बी टाकितो? ज्वारीची रास झाली म्हणजे जाणता कुणबी टपोरी, भरदार कणसे वेगळी काढून बियाण्यासाठी राखून ठेवितो. पोचट दाणा गुरांपुढे जातो; तो कोणी बियाण्याच्या गाडग्यात घालीत नाही. शेताच्या बाबतीत जे आपणांस कळते, ते देवाच्या शेताच्या बाबतीत का कळू नये?

कोणी म्हणेल, “पाळकास एवढी विद्या हवी कशाला? भाव असला म्हणजे पुरे.” ह्याचे उत्तर मी माझ्या लहानपणी पाहिलेल्या एका प्रसंगाने देतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र संपून पहाट होण्याच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्याबरोबर आपल्या जिल्ह्यातील उमरगा-लोहारा भागाची धूळधाण झाली. सुमारे ८,००० माणसे दगावली. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. आमचे काही आप्त त्या भागात राहत. वडील मला बरोबर घेऊन तेथे गेले. गाव म्हणून काही उरले नव्हते. दगडांच्या राशी तेवढ्या होत्या, व त्यांच्या कडेला पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत माणसे सुन्न होऊन बसली होती. तेथे बाहेरून एक उपदेशक आले. त्यांचे नाव मला ठाऊक नाही. त्यांनी पेटीवर उभे राहून मोठ्या आवाजात सांगितले की, हा लोकांच्या पापाचा दंड आहे, आता तरी पश्चात्ताप करा. माझ्या शेजारी एक बाई बसली होती. तिची दोन लेकरे माळवदाखाली गेली होती. ती ओरडली नाही, रडलीही नाही. हळूच म्हणाली, “धाकटं चार महिन्यांचं होतं. त्यानं काय पाप केलं?” उपदेशकापर्यंत तो प्रश्न पोहोचला नाही, पोहोचला असता तरी त्यांजपाशी उत्तर होते असे मला वाटत नाही.

दोन-तीन दिवसांनी दुसरे एक पाळक आले. हे वयस्क होते, व तरुणपणी सेमिनरीत शिकून आलेले होते. ते पेटीवर उभे राहिले नाहीत. त्या बाईजवळ जमिनीवर बसले. पुष्कळ वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग तिने तोच प्रश्न त्यांस विचारिला. तेव्हा त्यांनी लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील हकीगत साध्या शब्दांत सांगितली. यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती म्हणून मेली काय, हा प्रश्न खुद्द प्रभु येशूने काढिला, आणि नाही, असे स्पष्ट उत्तर दिले. एवढे सांगून पाळक म्हणाले, “बाई, तुझ्या लेकरांचं काही पाप नव्हतं, आणि तुझंही नव्हतं. भिंती दगडमातीच्या होत्या, माळवद जड होतं, ते पडलं.” ती बाई तेव्हा प्रथम रडली.

ह्या दोघा उपदेशकांत फरक कोणता? दोघेही शास्त्र देवाचे वचन आहे असे मानणारे. दोघेही आपल्या परीने भाविक. पण एकास शास्त्रातील दहा-वीस वाक्ये पाठ होती, आणि दुसऱ्यास संपूर्ण शास्त्र अवगत होते. पुढे कॉलेजात असताना मी त्या वृद्ध पाळकांस विचारिले की, तो अध्याय आपणांस नेमका त्या वेळी कसा आठवला? ते म्हणाले, “आमच्या गुरुजींनी ईयोबाचं पुस्तक आम्हांस सबंध सहामाही शिकविलं. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले तोवर ते शहाणे होते. तोंड उघडलं तेव्हा चुकले. हे मी परीक्षेसाठी शिकलो होतो. त्या दिवशी कामी आलं.” अर्धवट वैदूच्या हाती एक शरीर जाते, अर्धवट उपदेशकाच्या हाती दुःखाने उघडी पडलेली मने जातात. हुशार मुलगा डॉक्टरीस व मंद मुलगा पाळकीस, ही वाटणी ज्यांस योग्य वाटते त्यांनी त्या बाईचे तोंड एकदा डोळ्यांसमोर आणावे.

भाव असला तरी शिकावे लागते, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यास नवीन नाही. तेर हे गोरोबाकाकांचे गाव. तेथे संतमेळा जमला असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणे हाती घेतले व एकेकाच्या डोक्यावर मारून मडकी कच्ची की भाजलेली हे पारखिले, अशी कथा सर्वांस ठाऊक आहे. नामदेव तेवढे रागावले, आणि मडके कच्चे ठरले. नामदेवांच्या भक्तीविषयी कोणास शंका होती? तथापि त्यांनाही विसोबा खेचरांकडे जाऊन गुरू करावा लागला. पुढे विसाव्या शतकात वारकरी पंथातही हीच गरज भासली. विष्णुबुवा जोग ह्यांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, व कीर्तनकारांसाठी चार वर्षांचा अभ्यास नेमून दिला. कीर्तनकारास चार वर्षे लागतात, तर पाळक एका पावसाळ्यात कसा तयार होईल?

ख्रिस्ती लोकांत ही परंपरा मराठी मुलखात बरीच जुनी आहे. बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरी व त्यांच्या सोबत्यांनी १८१८ साली कॉलेज काढिले; श्रीरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असल्यामुळे १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्यास पदव्या देण्याची सनद दिली. ह्याच केरींनी वैजनाथ पंडितांच्या साह्याने मराठी व्याकरण व नवा करार छापून काढिला. नगरास अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम ह्यांनी १८७८ साली सेमिनरी सुरू केली. ह्यूमसाहेब मुंबईसच जन्मलेले. त्यांस मराठी परकी नव्हती. ह्याच सेमिनरीत रेव्हरंड नारायण वामन टिळक अध्यापक होते. ज्या गावच्या मंडळीत आज टिळकांची भजने पेटी-तबल्यावर चालतात, तेथील वाचकांनी आठवावे की, तो कवी सेमिनरीत शिकविणारा एक मास्तर होता.

स्वातंत्र्यानंतर, १९५३ साली, विदर्भातील यवतमाळ येथे अनेक मिशने व मंडळ्या यांनी एकत्र येऊन युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन केली. ही इव्हँजेलिकल मताची संस्था; म्हणजे पवित्र शास्त्र हेच श्रद्धेचे व आचरणाचे अखेरचे प्रमाण, तारण केवळ ख्रिस्ताच्या कृपेने, आणि त्याची वार्ता सांगणे हे प्रत्येक ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य, असे मानणारी. १९८३ साली ती पुण्यास बिबवेवाडी येथे गेली. केरळापासून ईशान्येकडील डोंगरी राज्यांपर्यंतचे विद्यार्थी तेथे एका छपराखाली राहतात, व श्रीरामपूरच्या सिनेटची पदवी घेऊन आपापल्या प्रांतास परततात. पदवीधर झालेल्यास बी. डी.साठी साधारण चार वर्षे लागतात. जुना करार, नवा करार, हिब्रू व ग्रीक भाषा, मंडळीचा इतिहास, ईश्वरज्ञानशास्त्र, इतर धर्मांचा अभ्यास, उपदेशकला आणि समुपदेशन हे अशा शिक्षणातील मुख्य विषय. शिवाय रविवारी कोठल्या तरी मंडळीत वा वस्तीत जाऊन प्रत्यक्ष काम करावयाचे. हे वाचून ज्यास वाटेल की येथे ‘डोके न चालणारा’ मुलगा सहज निभावेल, त्याने हिब्रूचे एक पान उघडून पाहावे. ती भाषा उजवीकडून डावीकडे लिहितात, व मूळ लिपीत स्वर बहुतेक लिहीतच नाहीत.

येथे दुसरा आक्षेप पुढे येतो, व तो शास्त्रनिष्ठ घरांतूनच येतो. “मुलगा फार शिकला की त्याची श्रद्धा जाते. साधा विश्वास बरा.” ही भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणत नाही. गेल्या दीड-दोन शतकांत युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांतून शास्त्रावर अशी टीका झाली की पुष्कळांची श्रद्धा डळमळली. परंतु त्या टीकेस तोंड कोणी दिले? अडाणी राहिलेल्यांनी नव्हे. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या जुन्या सेमिनरीच्या धोरणाविषयी मोठा वाद होऊन जे. ग्रेशम मेचेन ह्यांनी १९२९ साली फिलाडेल्फिया येथे वेस्टमिन्स्टर सेमिनरी काढिली. त्यांच्यासारखा कट्टर शास्त्रनिष्ठ मनुष्य विरळा. आणि ह्याच मनुष्याने १९२३ साली नव्या कराराच्या ग्रीक भाषेचे असे पाठ्यपुस्तक लिहिले की, पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी त्यावरून ग्रीक शिकले. शास्त्र देवाचे वचन आहे असे ज्यास खरोखर वाटते, त्यास त्यातील एकेक अक्षर समजून घेण्याचा कंटाळा येईल कसा? ज्या पत्रावर आपले जीवित अवलंबून आहे ते पत्र मनुष्य दुसऱ्याकडून वाचून घेऊन स्वस्थ बसत नाही.

मात्र शास्त्रनिष्ठ सेमिनऱ्यांसही एक गोष्ट सांगावीशी वाटते. जो विद्यार्थी विरुद्ध मताची पुस्तके केवळ आपल्या गुरूने केलेल्या खंडनातून ओळखतो, त्याची श्रद्धा कुंडीतल्या झाडासारखी राहते. कॉलेजात शिकलेला एखादा तरुण पहिल्याच भेटीत त्यास निरुत्तर करितो, आणि मग पाळक एक तर चिडतो किंवा मनातून खचतो. रोपवाटिकेतील रोप शेतात नेण्यापूर्वी शेतकरी त्यावरचे आच्छादन हळूहळू काढितो, व त्यास ऊन-वारा लागू देतो. तसेच येथेही व्हावे.

आमच्या वर्गातील मुली विचारतील, “गुरुजी, हे सगळे मुलग्यांसाठीच काय?” पुष्कळ शास्त्रनिष्ठ मंडळ्यांत पाळकपद पुरुषांसच देतात, व काही सेमिनऱ्या पाळकीचे शिक्षणही पुरुषांपुरतेच ठेवितात, काही मंडळ्यांनी स्त्रियांसही दीक्षा दिली आहे. हा प्रत्येक मंडळीचा विचार आहे, व त्यात मी येथे शिरत नाही. परंतु पदाची गोष्ट वेगळी आणि विद्येची वेगळी. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठीत भाषांतर केले. ते काम १९२२ साली देह ठेवण्यापूर्वी त्यांनी तडीस नेले. त्या कोठल्या मंडळीच्या पाळक नव्हत्या. ज्या बाईने एवढे केले तिच्या मुलखात मुलींस शास्त्राची विद्या नको असे म्हणावयास कोणाची जीभ रेटेल? युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थांत मुलीही शिकतात, ही आनंदाची गोष्ट होय.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. ते भाषेविषयी आहे. नगरच्या सेमिनरीत शिक्षण मराठीत चाले. सांप्रतचे उच्च धर्मशिक्षण बहुतेक इंग्रजीत चालते. जेथे नागालँडचा व तामिळनाडूचा विद्यार्थी एका बाकावर बसतो तेथे दुसरा इलाज नाही. पण त्याचा परिणाम आपल्या खेड्यांस भोगावा लागतो. एका नव्याने शिकून आलेल्या तरुणाचा उपदेश मी एका गावी ऐकला. तळमळ खरी होती, अभ्यासही होता. पण ‘जस्टिफिकेशन’ हा शब्द त्याने अर्ध्या तासात वीस वेळा उच्चारिला. उपासनेनंतर एका आजीबाईंनी त्याचा हात धरून विचारिले, “लेकरा, जस्टिफिकेशन म्हंजी काय रं?” तो गोंधळला. ‘नीतिमान ठरणे’ हा शब्द मराठी शास्त्रात पानोपानी आहे, पण त्यास तो वेळेवर आठवला नाही. कारण तो विषय त्याने मराठीत कधी शिकलाच नव्हता.

आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या लोकांस तरी हे दुःख समजावून सांगण्याची गरज नसावी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. वरच्या शिक्षणाची व कचेरीची भाषा उर्दू. घरची भाषा मराठी. माझ्या आजोबांच्या पिढीतील शिकलेली माणसे हिशेब एका भाषेत करीत व रडत दुसऱ्या भाषेत. उर्दू ही गोड भाषा आहे, इंग्रजी ही मोठी भाषा आहे. परंतु मरणाच्या खाटेवरचा मनुष्य आपल्या आईच्याच भाषेत बोलतो, व पाळकास तेथे जावयाचे असते. कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन गावोगाव नेले, टिळकांनी अभंगाच्या चालीवर देवाचे स्तवन केले, ते ह्याच कारणाने. म्हणून माझे म्हणणे असे की, जो मुलगा सेमिनरीत जाणार आहे त्याने शाळेतच मराठी पक्की करून घ्यावी, ज्ञानेश्वर-तुकाराम वाचावे, बखरी वाचाव्यात, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. आणि मंडळ्यांनी आपल्या विद्यार्थ्यास प्रत्येक सुटीत गावी बोलावून मराठीत उपदेश करावयास लावावे. रोप पुण्यास वाढो वा बंगालमध्ये वाढो, लावावयाचे आहे ते येथल्या काळ्या मातीत.

आता पालकांचा खरा आक्षेप, जो ते मोठ्याने बोलत नाहीत: पोटाचे काय? मी स्वतः ह्या बाबतीत कोणास उपदेश करण्याच्या अधिकाराचा नाही. मी मिशनच्या वसतिगृहात राहून शिकलो. वर्गात माझा नंबर वर असे. मी सेमिनरीत जावे अशी माझ्या वडिलांची फार इच्छा होती. मी बी. ए. झालो, बी. एड. झालो व मास्तर झालो. मास्तरकीची मला लाज नाही. तीही सेवाच आहे. परंतु त्या वेळी मी वडिलांस जे कारण सांगितले ते खरे नव्हते. मी म्हणालो, मला शिकविण्याची आवड आहे. खरे कारण असे की, आमच्या गावच्या पाळकांच्या मुलास फाटक्या दप्तराने शाळेत जाताना मी पाहिले होते.

दोष त्या पाळकांचा नव्हता. आम्हां मंडळीच्या लोकांचा होता. आपण उपासनामंदिरास रंग देतो, मोठा लाऊडस्पीकर आणितो, नाताळास मंडप घालितो. पाळकाचे मानधन मात्र तीन-तीन महिने तुंबते. आणि मग आपणच म्हणतो की, हुशार मुले पाळक होत नाहीत. जो समाज आपल्या पाळकास उपाशी ठेवितो त्यास उपाशी उपदेशच मिळावयाचा. परदेशी मिशनांनी खर्च करावा व आपण ऐकावे, हे दिवस केव्हाच गेले. सेमिनरीत जाणाऱ्या एका विद्यार्थ्याचा भार पाच-पंचवीस घरांनी वाटून घेतला तर तो कोणासच जड नाही. आणि ज्या घरांनी तो उचलला ती घरे उद्या त्याच्या मानधनासाठीही जागरूक राहतील.

एवढे सांगितल्यावर एक गैरसमज दूर केला पाहिजे. हुशारी म्हणजे गुणपत्रिका असे मी म्हणत नाही. विल्यम केरी चांभाराचे काम करीत करीत ग्रीक व हिब्रू शिकले. लंडनचे प्रख्यात उपदेशक स्पर्जन हे स्वतः कोठल्याही कॉलेजात गेले नव्हते. तथापि त्यांनी १८५६ साली पाळकांसाठी कॉलेज काढिले, व ज्यांपाशी पैसा किंवा पुरेसे शालेय शिक्षण नव्हते अशा तरुणांसही त्यात घेतले. त्यांची कसोटी अशी की, उमेदवाराने अगोदर काही काळ प्रत्यक्ष उपदेशाचे काम केलेले असावे. तेव्हा गणितात नापास झालेला मुलगा पाळक होऊच नये, असे नाही. शिकण्याची भूक, माणसांची माया आणि अंतःकरणातील पाचारण ही तीन ज्याच्या ठायी आहेत, त्याने खुशाल जावे. माझा विरोध मुलास नाही. दुसरे काही जमत नाही म्हणून त्यास तिकडे ढकलण्यास आहे. ढकललेला मनुष्य जन्मभर आपले काम दुसऱ्या कशाची तरी उणीव म्हणून करितो. त्यात त्याचे हित नाही व मंडळीचेही नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी ज्याच्या मनात हा विचार येत असेल त्यास माझा सल्ला असा. पंधराव्या वर्षी कायमचा निर्णय करू नकोस. आधी एखादी पदवी घे. जगाची थोडी ओळख होऊ दे. रविवारच्या शाळेत लहान मुलांस शिकवून पाहा. आजारी शेजाऱ्याच्या घरी जाऊन दहा मिनिटे गप्प बसता येते काय हे पाहा. पुष्कळांस ते उपदेशापेक्षा अवघड जाते. मग आपल्या पाळकांशी व आईवडिलांशी बोल. आणि ज्यांचा धर्म वेगळा आहे त्या माझ्या विद्यार्थ्यांसही मी हेच म्हणेन: तुमच्या घरी कोणी कीर्तनकार, पुरोहित वा मौलवी होऊ पाहत असेल, तर त्यानेही आपल्या ग्रंथांचा मुळापासून अभ्यास करावा. अर्धवट धर्मज्ञानाने गावांत जेवढी भांडणे लाविली आहेत, तेवढी पूर्ण ज्ञानाने कधी लाविली नाहीत.

आता त्या निंबाखालच्या गृहस्थांची गोष्ट पुरी करितो. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही, तरी एक गोष्ट मी केली. धाकटा मुलगा थोडा दूर उभा होता. त्याच्याजवळ जाऊन विचारिले, “तुला काय व्हावंसं वाटतं?” तो वडिलांकडे पाहत म्हणाला, “सर, मला वायरिंगचं काम आवडतं.” हे त्यास तोवर कोणी विचारिलेच नव्हते. तो आय. टी. आय.त गेला, आता त्याचे स्वतःचे दुकान आहे, व आमच्या उपासनामंदिरातील दिवे तोच विनामूल्य दुरुस्त करितो. त्यानेही देवाचेच काम केले. थोरल्यास मात्र कोणी विचारिले नाही. त्याच्या अंतःकरणात काय होते हे आता कळावयाचे नाही. कारण हुशार मुलास पाळकीविषयी विचारण्याची आपल्यात चाल नाही. ती चाल पडावी. पुढल्या वर्षी निकालाच्या दिवशी एखादे वडील आपल्या पहिल्या आलेल्या मुलास घेऊन मजकडे येतील व म्हणतील, “गुरुजी, ह्याला विचारून पाहा,” तर मला फार समाधान होईल. तो ‘नाही’ म्हणाला तरी हरकत नाही. विचारिले, एवढे पुरे आहे.